आमच्या अंगणात मिलिटरीचा टायर

नाही नाही, तुम्ही आधी मला हे सांगा, टायर काढताना एवढा आवाज होतो का हो? होतो का? मी पाहिलाय ना टायर काढताना! पलासियाला आमच्या क्लासच्या खाली पंक्चरवाला बसतो, तो बिडी ओढता ओढता, गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता स्कूटरचा टायर असा सोलतो, जसं काही केळं! आवाज नाही, काही नाही. आणि आमच्या घरी? आमच्या घरी रविवारी सकाळी असा धमाका झाला, असा धमाका, की समोरच्या छतावरचे सगळे कबुतरं उडाले, शेजारच्या यशोधराकाकूंच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं, आणि मी... मी तर जागच्या जागी खाली बसूनच गेले, कानांवर हात, डोळे बंद. तुम्हाला सांगते, मला वाटलं, गेलं! काय गेलं ते माहीत नाही, पण गेलं!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की पोरगी डरपोक आहे. तशी आहेच मी. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, पोस्टमनने सायकलची घंटी वाजवली तरी दचकते, आता घरोघरी ते केबल आलंय त्यात एकदम जाहिरात लागली तरी दचकते. अर्थशास्त्रात एम.ए. करतेय, पण छातीत धडधड व्हायचं काही थांबत नाही. पण या टायरच्या वेळी तुम्ही असता ना, तुम्हीपण दचकले असते. पक्कं सांगते.

तर बाबा. आमचे बाबा, कृष्णराव, मिलमध्ये टाइमकीपर. मतलब मिलचा भोंगा बाबांच्या घड्याळावर वाजायचा! पाळी सुरू, पाळी बंद, मधली सुट्टी, सगळं बाबा. अर्धं इंदूर बाबांच्या घड्याळावर जेवायचं, असं आई म्हणते, आणि आई बाबांची तारीफ सहसा करत नाही. आणि मग मिलच बंद पडली. फाटकाला कुलूप. झालं! घड्याळ आहे, भोंगा नाही. आमचे क्लासचे सर फळ्यावर लिहितात 'उदारीकरण', खाली दोन रेघा ओढतात आणि म्हणतात, "देश के दरवाज़े खुल रहे हैं!" अहो सर, आमच्या मिलचा तर बंद झाला ना! बाबा रोज सकाळी वेळेवर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि ओट्यावर बसायचे. तयार होऊन... बसायचे. कुठे जाताय, असं विचारायची कोणाची हिंमत नाही.

मग आले अच्युतमामा. आईचे भाऊ, सराफ्यात चांदीचं दुकान. मामा वाईट नाहीत हो, पण बोलतात असं जसं काही भेंडी निवडतायत. "भाऊजी, दुकानाच्या दारात एक भरवशाचा माणूस पाहिजेच होता मला. करायचं काही नाही. गिऱ्हाईक दिसलं की म्हणायचं, आइए बेनजी, बिराजिए. बस." बाबा हसले. असे हसले की मला वाटलं, गेलं! आता रडतात की काय! ज्या माणसाने आख्खी मिल आत घेतली आणि बाहेर सोडली, तो आता म्हणणार, बिराजिए?

आणि मग एक दिवस बाबा जीप घेऊन आले. न विचारता! महूच्या मिलिटरी लिलावातून. रंग मिलिटरीचा, वास मिलिटरीचा, आवाज तर लढाईचाच. गल्लीत शिरली तेव्हा आई हातात पोळपाट घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, हिची लढाई संपलीय ना नक्की?" आणि टायर! या टायरांना काय म्हणावं... एकेक खाच एवढी, की त्यात माझा हात जाईल. जंगल, चिखल, दगड, डोंगर, सगळं चढायला बनवलेले. आमच्या गल्लीत काय चढणार? यशोधराकाकूंचा ओटा?

पण बाबांचं ठरलेलं होतं. हातोदच्या बाजूला सोयाबीनचं तेल काढायची नवी कंपनी आलीय, त्यांची माणसं गावोगाव शेतांत फिरतात, त्यांना भाड्याने जीप पाहिजे. कंपनीचे साहेब रविवारी दुपारी जीप बघायला येणार. जीप चालली, पसंत पडली, तर बाबा आपल्या जीपचे आपण मालक. नाही पडली, तर सोमवारपासून सराफ्यात, मामांना तसा शब्दच देऊन बसलेले. आता एवढं असताना शनिवारी संध्याकाळी काय व्हावं? टायर बसला! मागचा डावा. स्टेपनी आधीच फाटकी. आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आला, त्याने टायर पाहिला, लाथ मारून पाहिली, चष्मा काढून पाहिलं आणि म्हणाला, "बाऊजी, ये तो रिम से लिपट गया हे। बरसों का जंग हे। इसको अलग करना मने मियाँ-बीवी का तलाक कराना हे, मैं नी पड़ता बीच में।" आणि गेला!

म्हणून मग रविवारी सकाळी घरीच. बाबांनी दोन माणसं बोलावली. एक विष्णूकाका, मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर होते, मागावर बसणाऱ्यांचे मुकादम म्हणा ना. आणि दुसरे मोहनभिया, बॉयलरचे. विष्णूकाका काडीसारखे, मोहनभिया बॉयलरसारखे. दोघं मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदा एकत्र कामाला आले होते, आणि तुम्हाला सांगते, काय खूश होते! मोहनभियांनी तर मिलची जुनी खाकी चड्डी घातली होती. जीप विटांवर चढवली, चाक खोललं, अंगणाच्या मधोमध आडवं टाकलं. बाबांनी ट्यूबचा वॉल काढला, आणि उरलीसुरली हवा अशी फुस्स करून निघाली की मी थेट स्वयंपाकघरात. मला वाटलं, गेलं! साप!

मग भांडण. नाही, टायरशी नाही, आपापसात! मोहनभिया घण उचलायला गेले तर विष्णूकाका म्हणे, "ए बॉयलर, थांब. हे विणाईचं काम आहे."

"विणाई? काका, कां की बात करो हो? जे रबर हे!"

"रबर वरून. आत काय आहे? आत धागाच आहे. उभा-आडवा धागा. जिथे धागा तिथे विणाई."

"और जे रिम? लोखंड हे कि नी? लोखंड मने इंजनेरी, मने बॉयलर!"

आणि बाबा काय करतात? बाबा समजवतात का? नाही! बाबा गंभीर चेहरा करून दोघांचं ऐकून घेतात आणि निकाल देतात, "रिमला हात मोहनने लावायचा. टायरला हात विष्णूने लावायचा. दुसऱ्या खात्याच्या कामाला हात लावायचा नाही." अहो पण बाबा, भानगडच ती आहे ना, की रिम आणि टायर एकमेकांना चिकटलेत! मग जिथे चिकटलेत ती जागा कोणत्या खात्याची? मी हे विचारलं. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, विचारणारच. तिघं माझ्याकडे असे पाहायला लागले जसं काही मी संपाची नोटीस लावलीय. मग बाबा म्हणाले, "ती जागा जनरल. तिथे तू." मी! घ्या! मतलब आता मी रिठ्याच्या पाण्याचं भांडं घेऊन टायरच्या कडेकडेने ओतत फिरतेय, ते पाणी आत मुरावं म्हणून, आणि मोहनभिया रिमवर घण मारतायत, ठण्ण, आणि प्रत्येक ठण्णला अर्धं पाणी माझ्याच अंगावर. माझी सलवार धुऊन निघाली हो, टायर जिथल्या तिथे!

मग म्हणे वजन द्या. टायरवर उभं राहून सगळ्यांनी एकदम उड्या मारा. आता यात आई आली. "खबरदार! टायरला पाय लावू नका. दसऱ्याला हळद-कुंकू वाहिलंय मी त्याला."

"वसुधा, साहेब दुपारी येणार आहेत," बाबा म्हणाले.

आई विचारात पडली. मग तिने टायरला वाकून नमस्कार केला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, पदर खोचला आणि स्वतःच वर चढली! आणि खालून कोणी चढायला लागलं की म्हणायची, "आधी नमस्कार." विष्णूकाकांनी नमस्कार केला, मोहनभियांनी केला, "जै हो टायर महाराज", मीपण केला. आणि चार माणसं त्या टायरवर, एकमेकांचे खांदे धरून, धप, धप, धप. यशोधराकाकू गच्चीवरून विचारतात, "अगं वसुधा, काय चाललंय? भोंडला का?" तुम्हाला सांगते, मला वाटलं, गेलं! आमच्या घराण्याची अब्रू!

आणि टायर? हसत होता हो. खरंच सांगते.

मग मोहनभियांच्या डोक्यात आलं, जॅक. टायर जीपच्या खाली सरकवायचा, रिमच्या अगदी जवळ, टायरच्या गालावर जॅक ठेवायचा, जॅकचं डोकं वर जीपच्या पोटाला लावायचं आणि फिरवत राहायचं. जीप जड, ती वर जाणार नाही, मतलब टायर खाली दबेल. पुस्तकात बरोबर आहे. पण जीपच वर जायला लागली! टायर तसाच, जीप हळूहळू हवेत, एक वीट सुटली, मोहनभिया म्हणतायत "घुमाओ, घुमाओ", विष्णूकाका म्हणतायत "बस कर, ही माझ्या खात्यातून बाहेर चाललीय", आई रामरक्षा म्हणतेय, आणि मी बाबांच्या शर्टाला धरून उभी, "बाबा, राहू द्या, बाबा, जाऊ दे, बाबा, मामांचं दुकान काय वाईट..." आणि बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं. मी शर्ट सोडला आणि मीच ओरडले, "घुमाओ!"

धाड्!

हाच तो धमाका, ज्याचं मी मघाशी सांगत होते. कबुतरं, पातेलं, सगळं. मला वाटलं, गेलं! जीप गेली, बाबा गेले, आख्खी गल्ली गेली! डोळे उघडले तर जीप जागेवर, आणि टायरची कड रिमपासून सुटलेली. सुटलेली! मोहनभिया टायरला मिठी मारून बसलेले. यशोधराकाकू गच्चीवरून, "गॅसची टाकी का गं?" आणि आई दोन्ही हातांनी टायरवरून बोटं मोडतेय, नजर काढतेय टायरची!

तुम्हाला वाटलं असेल, संपलं. मलापण वाटलं. पण कड सुटणं वेगळं आणि टायर निघणं वेगळं. आता लोखंडाच्या लांब पट्ट्या घालायच्या, त्यांना टॉमी म्हणतात, आणि टायर रिमच्या वर उपसायचा, एक टॉमी दाबून धरायची, पुढे दुसरी घालायची, तिच्यापुढे तिसरी. विष्णूकाका पहिलीवर, मोहनभिया दुसरीवर, बाबा तिसरीवर. तिघांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या, घामाच्या धारा. अर्धा टायर वर आला... त्याच्याही पुढे आला... बाबा म्हणतात, "आलं, आलं, आलं, सोडू नका..."

आणि तिकडे लांब कुठल्यातरी मिलचा भोंगा वाजला.

आमचा नाही. आमचा तर बंदच आहे ना. एक मिल अजून कशीबशी चालू आहे तिकडे, रविवारीपण, तिचा. मधल्या सुट्टीचा.

आणि तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, तिघांनी हात सोडले! तिघांनी! एकदम! जसं काही कोणी बटण दाबलं! सण्णकन टॉमी उडाली, माझ्या कानाजवळून गेली, वाळत घातलेल्या चादरीला भोक पाडून सरळ पाण्याच्या पिंपात, दुसरी उडाली ती ओट्याखाली, आणि टायर खाडकन परत रिमवर. मला वाटलं, गेलं! माझा कान! चाचपून पाहिला तर होता. आणि ही तीन माणसं? ही तीन माणसं नळाशी रांगेत उभी राहून हात धूत होती हो! आधी विष्णूकाका, मग मोहनभिया, मग बाबा. मोहनभिया तर डबा शोधत होते! डबा!

आणि मग विष्णूकाकांनी आपल्या साबणाच्या हातांकडे पाहिलं. मोहनभियांनी विष्णूकाकांकडे पाहिलं. बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "यांचा भोंगा मागे आहे. कोणी लक्ष देत नाही का तिथे?"

नळ चालू होता, तो बंद करायचंपण कोणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा आमची आई पुढे आली. पिंपात हात घातला, टॉमी काढली, पदराला पुसली. "मी मिलमध्ये नव्हते," म्हणाली, "मला भोंगा कळत नाही. चला. तिसरी टॉमी या पोरीच्या हातात द्या."

"आई, मी? मी दचकते आई!"

"दचक की. दचकायला कोण नाही म्हणतंय? सोडू नको फक्त."

मतलब आता चित्र बघा. एका टॉमीवर आई, एकीवर मोहनभिया, एकीवर मी, कॉलेजची पोरगी, ओली सलवार, डोळे गच्च बंद. विष्णूकाका कडेने टायर उचलतायत, आणि बाबा उभे राहून मोजणी देतायत, "एक साथ... ज़ोर लगा के..." रबर कुरकुरतंय, मोहनभिया हुंकार देतायत, आणि नेमकं तेव्हाच, नेमकं, तो भोंगा परत! सुट्टी संपल्याचा! मी दचकले. कशी दचकले! पाय सरकला, तोंडातून किंकाळी निघाली, ओढणी टॉमीत अडकली, पण सोडली नाही हो! लोंबकळत राहिले, पण सोडली नाही! आणि माझ्याच वजनाने, तुम्हाला सांगते, माझ्याच वजनाने तो टायर भप्पकन रिमच्या बाहेर!

बाबांनी टाळी वाजवली. बाबांनी! मी बी.ए.ला पहिल्या वर्गात आले तेव्हा नव्हती वाजवली.

आत काय निघालं? ट्यूब. आणि ट्यूबमध्ये काय? बाभळीचा काटा. एवढासा! नखाएवढा! एवढ्याशा काट्याने चार घरं हलवली! कानशीने घासलं, सोल्यूशन लावलं, जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. विष्णूकाका म्हणे, "ठिगळ हे विणाईचं काम," आणि यावेळी कोणी भांडलं नाही. टायर परत चढवला, पंपाने पाळीपाळीने हवा भरली, शेवटी कड जागेवर बसताना एक फाट् झालं आणि मला वाटलं, गेलं, पण तोवर ओरडायला घसाच उरला नव्हता. चाक लागलं. जीप विटांवरून उतरली. बाबा आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले.

आणि साहेब आले. हृषीकेश नाव, पुण्याचे, वय काय असेल, माझ्याहून थोडे मोठे, नवीकोरी मोटरसायकल. काय शुद्ध मराठी हो! आम्ही सगळे एकदम सावधान. बाबांनी जीप चालू केली, गल्लीतून मागे-पुढे नेली, खड्ड्यात घातली, काढली. मख्खन! साहेब म्हणाले, "वा, गाडी उत्तम ठेवली आहे आपण. पण मला सांगायला फार संकोच वाटतोय. कंपनीने भाड्याने गाड्या घ्यायचा विचार कालच रद्द केला. गेल्या आठवड्यातच स्वतःच्या घेतल्यात, त्याच पुरे म्हणतात."

तुम्हाला सांगते... यावेळी मला वाटलंसुद्धा नाही. गेलंच होतं.

बाबा म्हणाले, "ठीक आहे." बस, एवढंच. जीप बंद केली. किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. मला एकदम ऐकू आलं, आइए बेनजी, बिराजिए.

साहेब उगाच इकडे-तिकडे बघत होते, ओट्यावरच्या टॉम्या, घण, रिठ्याचं भांडं, अंगणात रबराचा चुरा. "हा... टायर आपण काढलात? इथे? घरी?"

"हओ," मोहनभिया म्हणाले, "हाथ से।"

"हे कसं शक्य आहे? अहो, आम्हीही महूच्या लिलावातूनच चार जीपा घेतल्या! हेच टायर! हातोदला पंक्चर होऊन उभ्या आहेत, एकीचाही टायर निघत नाही. तीन मेकॅनिक पळून गेले!" साहेब अक्षरशः बाबांचे हात धरायला लागले. "आपण काढाल का? आणि तिकडच्या ट्रॅक्टरवाल्यांचेही आहेत, ट्रॉल्यांचे आहेत... पाठवू का?"

आता मला सांगा, दुसरा कोणी असता तर काय म्हणाला असता? आमचे बाबा ताठ उभे राहिले, मनगट वर केलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "पाळी सकाळची पाठवणार का दुपारची?"

झालं! तेव्हापासून आमच्या अंगणात टायर आहेत. ओट्यावर टायर, जिन्याखाली टायर, तुळशीला प्रदक्षिणा घालायची तर टायरांना पडते. विष्णूकाका रोज येतात, मोहनभिया रोज येतात, डबा घेऊन येतात. आई प्रत्येक नव्या टायरला नमस्कार करते, गिऱ्हाइकाला करायला लावते, ट्रॅक्टरवाले बिचारे पागोटं काढून वाकतात. मामा एकदा बघायला आले, म्हणाले, "भाऊजी, पोरीच्या अंगाला रबराचा वास येतो, स्थळं कशी येणार?" आई म्हणाली, "दादा, तू त्या टॉमीपासून जरा लांब उभा राहा." आणि दिवसातून एकदा तरी तो जॅक, ते धाड्, ते कबुतरं. यशोधराकाकू आता दूध तापवायच्या आधी विचारून घेतात.

आणि मी? मी जनरल खातं. परवा भीत भीत बाबांकडे गेले. म्हटलं, बाबा, सोमवारी मला जमणार नाही हो, माझा एम.ए.चा पेपर आहे. बाबांनी मान वर केली नाही, ठिगळावर फुंकर मारत होते.

"कोणत्या पाळीत?"

म्हटलं, सकाळच्या.

"मग दुपारच्या पाळीला ये."

...मग काय, आले.